दीड इंच माया

धनकवडीत माझं दुकान, सहा बाय नऊ.
फॉल-पिको, ब्लाऊज, जुन्या पँटचे पाय आखूड करणे.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली,
मग एका दुपारी पेपर कटिंगच्या पाठीवर
घराचं माप मांडलं.

आंबेगाव पठार, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
गॅलरीतून कात्रजचा डोंगर दिसतो,
समोरच्या दोन टाक्यांच्या फटीतून.
दांगट म्हणाला, "ताई, घ्या, रंग मारा, टाइल बदला,
दिवाळीच्या आत उडवून देऊ. चार सुटले समजा."
चार म्हणजे चार लाख.
लाख तो उच्चारत नाही,
जसं आम्ही छातीचं माप सांगताना इंच म्हणत नाही.

बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी.
नोंदणीच्या बाकावर नवरा हे सगळ्यांना सांगत होता,
जणू सवलत त्यानेच मंजूर केली.

मला वाटलं, घर म्हणजे ऑल्टर.
उसवायचं, दाबायचं, इस्त्री फिरवायची,
गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं.

इरण्णाने बाथरूमची पहिली फरशी उचलली
आणि छिन्नी बाजूला ठेवली.
खाली पाइप नव्हता,
पाइपाच्या आकाराचा गंज होता.
खालच्या मजल्यावरचे बिडकर सर
स्वतःच्या हॉलमध्ये छत्री उघडून बसलेले,
निषेध म्हणून, पेपर वाचत.
त्यांचं छतही माझ्या वहीत आलं.
मागच्या मालकाचं थकलेलं मेंटेनन्स आलं,
राडारोड्याचा टेम्पो आला,
लाइटबिलावरचं 'सुरवसे' पुसायला
तीन चकरा आणि एक अर्धी रजा आली, नवऱ्याची.
चारातले दोन सुटले खरे,
माझ्या हातातून.

प्रत्येक ब्लाऊजमध्ये मी दीड इंच माया ठेवते.
बाई उद्या भरली तर, म्हणून.
या हिशोबात ठेवली नव्हती.

दिवाळी गेली.
एकाने टाइल बोटाने वाजवली, कलिंगड घ्यावं तशी.
एकीने फोनवर दाराची दिशा बघितली
आणि आत न येताच चपला घातल्या.
एकजण कपाटाचे कप्पेसुद्धा उघडून म्हणाला,
"छान केलंय हो. आम्ही बाणेरला घेतोय."
रात्री दुकान ओढून मी तिथे जायचे,
रिकाम्या हॉलमध्ये चटईवर बसून हुक लावायचे.
भिंती आयव्हरी.
मला आवडतो म्हणून नाही,
कुणाला नावडत नाही म्हणून.

संक्रांतीनंतर दोन नर्स आल्या,
गोंदियाची उज्ज्वला मेश्राम, औशाची नसरीन.
दिशा विचारली नाही. विचारलं,
"नाइट करून आलो की दिवसा अंधार होतो का?"
पडदे मी शिवून दिले, जाड, दुहेरी.

करार अकरा महिन्यांचा.
अंगठ्याचं मशीन घेऊन एक पोरगा आला.
माझा अंगठा उमटेना, सुईने खरवडलेला.
तीनदा पदराला पुसला,
चौथ्यांदा मशीनने मानलं की मालकीण मीच.

भाडं साडेअकरा हजार.
हप्ता चौदा हजार दोनशे.
मध्ये सत्तावीसशे.
एका फॉलचे साठ, म्हणजे पंचेचाळीस साड्या.
महिन्याला पंचेचाळीस साड्यांच्या काठाकाठाने गेलं
की ते घर येतं.

दांगट अजून म्हणतो, बाजार उठू दे, मग उडवू.
मी मान हलवते.
तोंडात टाचण्या असतात.

परवा उज्ज्वला अ‍ॅप्रन घेऊन आली.
"काकू, खांद्यात काचतो."
उलटा केला. शिवणीत माया नावालाही नाही,
रेडिमेडवाले कापड वाचवतात.
पडद्याच्या अस्तराचा तुकडा उरला होता,
त्याची कळी घातली काखेत.
तिने हात वर केला, सलाइन टांगतात तसा.
"पैसे?"
"पुढच्या भाड्यात बघू."

पाच तारखेला साडेअकरा आले, पूर्ण.
मी काही बघितलं नाही.